निळ्या पडद्याचे दुकान

महाड, निघण्यापूर्वी

जपानला जाऊन आलेल्या माणसाकडून लोक पर्वताचे आणि देवळांचे वर्णन ऐकायला बसतात. माझ्याकडे त्यातले फारसे काही नाही. मी कोबे बंदरात तीन महिने होतो, कामापुरता होतो, आणि कामाबाहेरचा माझा जवळजवळ सगळा वेळ शेवयांच्या दुकानांत गेला. ज्यांना पर्वत हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावे.

मी रुईचा पारखी. गाठीतून नमुना काढायचा, चिमटीत धरून ओढायचा, आणि धागा किती लांब, किती चिवट, रंग कसा, कचरा किती हे सांगायचे, एवढेच मला येते. जपानी गिरण्या आपली रुई घेतात. मालाबद्दल तक्रार आली की मुंबईच्या आमच्या पेढीतल्या कुणाला तरी तिथे जाऊन दोन्ही बाजूंसमोर नमुने पाहावे लागतात. त्या वर्षी माझी पाळी आली, म्हणून आईला भेटायला चार दिवस महाडला आलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकूकाकी आली. पोलादपूरच्या पुढे कापडे म्हणून गाव आहे, तिथली ही शेतकरीण. आमच्या घरचे तांदूळ वर्षानुवर्षे तीच पोचवते. पावसाळा सरला की मिठात मुरवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, एका मडक्यात घालून आणते. तिचा एकुलता एक मुलगा भिकू. तो आधी मुंबईच्या गोदीत होता, मग बोटीवर आगवाला झाला. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात बसून भट्टीला कोळसा घालणारा. दोन वर्षांमागे छातीचे दुखणे झाले तेव्हा बोटीने त्याला कोबे बंदरात उतरवले आणि बोट पुढे गेली. तो तिथेच वारला. घरी कागद आला, त्यात तारीख होती आणि इस्पितळ होते. बाकी काही नव्हते.

काकी ओटीवर बसली. मडके तिने आधी आईच्या हाती दिले आणि मग माझ्याकडे वळली.

"अनंता, तू कोब्याला जातोस ना रे?"

"जातोय काकी."

"मग माजं एक काम कर. त्याचा टाक बसवायचा हाय."

त्यांच्या भावकीत घरचे माणूस गेले की वर्षभरात त्याचा टाक घडवतात. बोटाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली आकृती. तो देव्हाऱ्यात वाडवडिलांच्या ओळीत बसवतात. टाक बसला की गेलेला माणूस घरात आला. भिकूचा टाक बसवायला भावकीतले वडीलधारे धाकोजीबाबा तयार नव्हते.

"बाबा म्हनतात, भायर गेला, भायर मेला. कुठं खाल्लं, काय खाल्लं, कुनी घातलं, कायच ठाव नाय. तसा मानूस आत कसा घ्यायचा? माजा पोर उंबऱ्याच्या भायर उभा हाय रे दोन वरसं. दोन पावसाळे भायरच उभा हाय."

ती रडली नाही. माझी आई मात्र मडके हातात धरून तिथेच उभी राहिली होती, ती आत निघून गेली.

काकीकडे एकच धागा होता. दासगावचा इस्माईल तांडेल म्हणून एक खलाशी आहे. त्याची बोट त्या दिवसांत दोन दिवस कोबे बंदरातच होती. त्याला भिकू भेटला होता आणि म्हणाला होता, गोदीमागे एका बाईचे दुकान आहे, तिथे कढत सारात लांब शेवया मिळतात आणि वर चक्क वास्ते असतात, आईच्या हातचे असावेत तसे. बोटीवर चढण्याआधी मी दासगावला इस्माईलला गाठले. त्याने आणखी एक खूण दिली.

"दाराला निळा पडदा हाय, अनंतशेट. तेवढा बगा. दुकान गावंल."

मी समाधानाने निघालो. धाकोजीबाबांना बाटल्याची भीती आहे, तिथे भिकूने काय खाल्ले ते साफ निघाले की टाक बसेल, असे मी धरून चाललो होतो.

कोबे

पहिल्या संध्याकाळी गोदीकडून चालत निघालो आणि इस्माईलच्या खुणेची किंमत कळली. त्या शहरात जेवणाच्या दर दुसऱ्या दुकानाच्या दाराला निळा पडदाच असतो. दारावर वरच्या अर्ध्यात लोंबणारे, मध्ये चिरलेले, निळीत रंगवलेले कापड. दुकान उघडे असले की ते बाहेर टांगतात. मी एका गल्लीत उभा राहून चौदा मोजले आणि पुढे मोजायचे सोडून दिले.

आमच्या कामावर किमुरा नावाचे दुभाषी होते. वय पन्नाशीचे, काड्यांसारखे हात, इंग्रजी पुस्तकी पण चोख. सगळी हकिकत मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "या पदार्थाला आम्ही शिना सोबा म्हणतो, चिनी शेवया. तुम्ही एकटे गेलात तर तुम्हाला कुणी काही सांगणार नाही. मी येतो. पण मी वाईट शेवया खाऊ शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा आम्ही दोघे निघत असू. मी वहीत नोंदी ठेवल्या. सवय जात नाही, शेवयांच्या नोंदीही रुईसारख्याच झाल्या.

चिनी वस्तीतले मोठे दुकान. शेवया लांब, गोल, पिवळसर, ओढल्यावर ताण धरणाऱ्या. पहिल्या प्रतीचा माल. सार दाट, वर चरबीचे डोळे. हाडे कशाची म्हणून विचारले तर डुकराची. मी वाडगा खाली ठेवला. आमच्या घरी मासे चालतात, मटण चालते, हे मात्र कधी शिरलेले नाही. किमुरांनी माझा वाडगाही संपवला. वास्ते नव्हते, आणि दुकान एका बाईचे नव्हते, चार भावांचे होते.

पुलाखालची हातगाडी. ती संध्याकाळी पिपाणी वाजवत येते. सार काळसर, खारट, थंडीत अंगात ऊब आणणारे. शेवया आखूड आणि तुटक, आपल्याकडच्या पावसात भिजलेल्या गाठीतल्या रुईसारख्या. वास्ते होते, पण काडेपेटीतल्या काडीएवढे दोन. गाडीवाल्याने हिंदी खलाशी पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे त्याला एकही वेगळा आठवत नव्हता.

पाच मजली कापडदुकानाच्या वरचे उपाहारगृह. सार कोंबडीचे, हलके, स्वच्छ. मी मनात म्हटले, देवा, हेच असू दे. पण खाली गालिचा होता. आजारी आगवाल्याला त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच परत पाठवले असते. वाडगा मात्र सारापेक्षा सुंदर होता, एवढे कबूल करतो.

शेवया खाताना तिथे सगळे मोठ्याने सुरके मारतात. किमुरांसारखा गंभीर गृहस्थ शेजारी बसून एवढा आवाज करू लागला की मला पहिल्या दिवशी इकडेतिकडे पाहावे लागले. आमच्या घरी असा आवाज केला असता तर वडिलांनी पानावरून उठवले असते. पुढे मला कळले, आवाज केला नाही तर वाढणाऱ्याला वाटते जेवण रुचले नाही. महिनाभरात मीही करू लागलो. चांगला जमतो.

अशी सतरा दुकाने झाली. थंडी वाढली. आमचे नमुन्यांचे काम संपत आले आणि परतीची बोट ठरली. मी किमुरांना म्हटले की आता राहू दे. ते म्हणाले, कोळशाच्या वखारींच्या मागच्या दोन गल्ल्या राहिल्या आहेत, अर्धवट सोडून जाऊ नका.

वखारींच्या मागे

दुपारची वेळ होती. अरुंद गल्ली, पायाखाली कोळशाची काळी चिकट माती. दुकान कसले, आमच्या महाडच्या माजघराएवढी एक खोली. एक फळी, तीन बाक, चुलीवर माझ्या कमरेएवढे भांडे. दाराला निळा पडदा, बराच विटलेला. दोर बांधून बाह्या वर ओढलेली एक बाई भांड्यापाशी होती. पन्नाशीच्या पुढची असावी. तिने माझ्याकडे पाहिले आणि वाडगे भरायला घेतले.

वाडगा समोर आला. शेवया मध्यम प्रतीच्या. वर बांबूचे जाड काप होते, तपकिरी, आंबूस वासाचे, आणि त्या वासाने मी थेट आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. तेवढ्यात तिने वाडग्याशेजारी आणखी एक वस्तू ठेवली. एक रिकामी पांढरी बशी, तळहाताएवढी.

किमुरांपुढे बशी नव्हती. दुकानातल्या दुसऱ्या कुणापुढेही नव्हती.

"ही कशाला, ते विचारा," मी किमुरांना म्हटले.

त्यांनी विचारले. बाई मला उद्देशून बोलली, जणू मला कळतेच आहे. किमुरा वाक्यामागून वाक्य सांगत गेले.

"तुमच्या देशाची माणसे पहिला तुकडा बाजूला काढतात, म्हणून."

मी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. आमच्या डोंगरातली माणसे जेवायला बसली की पहिला घास पानाबाहेर काढतात, वाडवडिलांसाठी. काकी आमच्या घरी जेवते तेव्हाही काढते. आम्ही महाडकरांनी ते केव्हाच सोडले आहे.

दोन वर्षांमागे एक आजारी खलाशी यायचा, ती म्हणाली. तो बाकावर बसत नसे. भिंतीला टेकून खाली बसायचा. पहिल्या दिवशी त्याने बांबूचा एक तुकडा काढून फरशीवर ठेवला. "मला वाटले त्याला आवडला नाही. दुसऱ्या दिवशी मी बांबू घातलाच नाही. तो वाडग्याकडे पाहत राहिला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मी घाबरून मूठभर घातले. त्याने पुन्हा आधी एक काढून ठेवला आणि मग जेवला. तेव्हा कळले. आमच्याही घरात देवापुढे आधी भात ठेवतात. जमिनीवर ठेवू नये म्हणून मग बशी देऊ लागले."

तो दहा-बारा दिवस येत होता. एक दिवस आला नाही. ती झाकलेला वाडगा घेऊन खलाशांच्या धर्मशाळेत गेली. शेवया त्याच्या घशाखाली उतरेनात. तिने चमच्याने सार पाजले. मग त्याने एक शब्द म्हटला, तो तिला कळला नाही. त्याने तोंडाकडे हात नेऊन पुन्हा म्हटला. तो शब्द तिच्या लक्षात राहिला होता. तो तिने मला म्हणून दाखवला, अडखळत, पण स्पष्ट.

"पानी."

तिने पाणी पाजले. तासाभराने इस्पितळाची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती चौकशीला गेली तेव्हा तो नव्हता.

मी त्या बाकावर रडलो हे लिहायला मला संकोच वाटत नाही. किमुरा भिंतीकडे पाहत बसले. बाईने माझे गार झालेले सार ओतून टाकले आणि दुसरे कढत घातले. मग मी तो प्रश्न विचारला, जो मी सतरा दुकानांत विचारला होता. हाडे कशाची?

डुकराची, ती अभिमानाने म्हणाली. पहाटेपासून उकळतात. मी भिकूच्या नावाने एक तुकडा बशीत काढला आणि ते सार शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. आमच्या नातेवाइकांत हे वाचले जाईल, त्यांनी काय म्हणायचे ते म्हणावे.

निघताना तिने ती बशी धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून माझ्या हाती दिली. त्याच्या आईला द्या, म्हणाली. मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडलो. त्या रात्री वहीत पाच पाने लिहिली. साराचा रंग, बांबूची जाडी, बाकांची उंची, सगळे.

दासगाव ते कापडे

परतीच्या महिनाभराच्या प्रवासात मला एकच चिंता होती. धाकोजीबाबांना काय सांगायचे? कोंबडीचे सार होते असे सांगावे, असे मी सिंगापूरपर्यंत ठरवले होते. कोलंबोला मासे ठरले.

माघाचा महिना होता. दासगावच्या धक्क्यावर उतरून महाडला घरी एक रात्र काढली आणि सकाळच्या सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला निघालो. मोटार वाटेत तापून उभी राहिली. ड्रायव्हर पाणी आणायला सावित्रीवर उतरला तो तिथे तोंड-हातपाय धुऊन, विडी ओढून आला. पोलादपूरहून पुढे मी पायी गेलो. भात कापून झालेली खाचरे वाळून भेगाळली होती, डोंगर गवत पिवळे पडून उघडे दिसत होते, आणि कुठे कुठे राब भाजायला पालापाचोळा रचून ठेवला होता. पाच महिने समुद्र आणि वखारी पाहिलेल्या डोळ्यांना ते इतके ओळखीचे वाटले की मी मुद्दाम सावकाश चाललो. खरे म्हणजे मला पोचायचेच नव्हते.

काकीच्या अंगणात धाकोजीबाबा आधीच येऊन बसले होते. ताठ, बारीक, पांढऱ्या मिशांचे म्हातारे. पाणी झाले, नाचणीची भाकरी आणि सुकटीचे कालवण झाले. काकीने पहिला घास काढला. या खेपेस मीही काढला, ते तिने पाहिले.

मग मी सगळे सांगितले. बशी काढून काकीच्या हातात दिली. ती तिने पदराने पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, आणि मांडीवर ठेवली. सांगता सांगता साराशी आलो आणि मला खोटे बोलता येईना.

"बाबा, एक गोष्ट आहे. ते सार डुकराच्या हाडांचे होते."

धाकोजीबाबांनी माझ्याकडे पाहिले. "शिमग्याला रानात हाका घालून आमी काय मारतो, ते तुमच्या महाडात कुनाला ठाव नाय काय?"

"पण तुम्ही टाक अडवला तो..."

"त्याच्यापायी नाय रे बाबा. दुखनाइताला कढत मिळालं, बरं झालं. हाड कशाचं का असंना. आमच्यात टाक बसवताना गेलेल्याचं नाव घेतात आनि त्याच्या तोंडात शेवटचं पानी कुनी घातलं त्याचं नाव घेतात. दोन नावं लागतात. पानी घालनारा ठाव नसंल तर मानूस एकटा गेला. एकट्याला आत आनता येत नाय, त्याला हात धरून आननारा लागतो. मग पानी त्या बाईनं घातलं. नाव काय तिचं?"

मी वही काढली. उगाच काढली, कारण त्यात नाही हे मला ठाऊक होते. पाच पाने होती. बाकांची उंची होती. मी निघण्यापूर्वी काकी 'कुनी घातलं' असेही म्हणाली होती, ते मी ऐकले होते, आणि महिनोन्‌महिने मी फक्त 'काय खाल्लं' शोधत फिरलो होतो. रुई पाहताना ती कुणी वेचली हे आम्ही कधी विचारत नाही. तीच खोड.

"नाव विचारले नाही, बाबा," मी म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

टाक घडवून तयार होता, सोनाराकडून आणलेला. टाक माघी पौर्णिमेलाच बसवतात, आणि ती परवावर आली होती. पत्र जाऊन यायला दोन महिने लागले असते, आणि पौर्णिमा टळली की टाक पुढच्या माघावर जायचा.

काकीने विचारले, "तुज्याबरूबर तो जपानी व्हता, तो तिला काय म्हनून हाक मारी?"

"ओबासान."

"म्हंजे काय?"

"मावशी, काकू. आपण परक्या बाईला मावशी म्हणतो ना, तसेच."

काकी बशीकडे पाहत राहिली. मग धाकोजीबाबांना म्हणाली, "मला बहीन नव्हती, बाबा. तुमाला ठाव हाय. आता हाय म्हना. पोराच्या तोंडात मावशीनं पानी घातलं. पुरं नाय का एवढं?"

बाबांनी हात पुढे करून बशी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि काकीला परत दिली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे धाडस केले नाही.

"पुरं हाय," ते शेवटी म्हणाले.

परवाच्या दिवशी सकाळी भिकूचा टाक बसला. धाकोजीबाबांनी भिकूचे नाव घेतले आणि त्याच दमात म्हणाले, "पानी मावशीच्या हातचं, कोब्याच्या." काकीने तांदळाच्या शेवया केल्या होत्या आणि वास्त्यांचे सार. वास्त्याचा पहिला तुकडा त्या पांढऱ्या बशीत टाकापुढे ठेवला. मग ती उंबऱ्यापाशी गेली, बाहेरच्या रिकाम्या अंगणाकडे एकदा पाहिले आणि परत आत आली. जेवताना मी सवयीने सुरका मारला. सगळे माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मी कारण सांगितले. धाकोजीबाबांनी मान डोलावली आणि त्यांनीही एक मारला.

निघताना काकीने माझ्या हाती चोळीचा खण दिला. हिरवा, लाल काठाचा. बहिणीला रिकामे ठेवू नये, म्हणाली.

तो मी किमुरांच्या पत्त्यावर पाठवला, आणि पत्रात दोनदा लिहिले की बाईंचे नाव विचारून कळवा. चार महिन्यांनी उत्तर आले. नाव त्यांनी कळवले आहे. ते मी काकीला सांगितले आणि तिलाच राहू दिले, इथे लिहीत नाही. पुढे किमुरांनी लिहिले होते की खण चोळीसाठी असतो हे त्यांनी परोपरीने समजावले, पण चोळी म्हणजे काय हेच बाईंना कळेना. एवढे चांगले कापड पेटीत ठेवणे तिला बरे वाटले नाही. तिने तो मध्ये चिरला, वर काठी ओवली, आणि जुना निळा पडदा उतरवून दुकानाच्या दाराला लावला.

भेट दिलेला खण बाईंनी दाराला टांगला, हे काकीला कसे सांगावे याचा मी पोलादपूरपासून कापड्यापर्यंत विचार करत गेलो. काकी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी पत्र वाचून दाखवले. तिने सूप खाली ठेवले.

"हिरवा पडदा तिकडं दुसऱ्या कुनाचा हाय का रे?"

"नाही काकी. सगळे निळे."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आता आपला कुनी पोर तिकडं आजारी पडला तर त्याला दुकान गावंल."